वाकलेल्या रेघा

९ जानेवारी

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

तू मागितलेले सगळे नमुने सोबत पाठवते आहे. गुंडाळीत जुने वर आहेत, नवा खंड्या सगळ्यात आत. मोबाइलवर फोटो काढून बघितले, पण कागदाचा एक कोपरा मोठा येतो नि दुसरा लहान, आणि तूच म्हणतोस की तुमच्या सॉफ्टवेअरला तसलं चालत नाही. म्हणून अस्सल कागदच पाठवते. जपून वापर. चहाचा कप लांब ठेव, तुझा इतिहास मला माहीत आहे.

तुमच्या कारखान्याचे साहेब माझे फुलीच्या टाक्याचे पक्षी उशांच्या अभ्र्यांवर विणणार, हे मी शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांना सांगितलं. माझ्या शेजारच्या सीटवर एक दुसरीतली चिमुरडी बसते. तिने विचारलं, मग लोक खंड्यावर डोकं ठेवून झोपणार का? मी हो म्हटलं. तर म्हणते, चोच टोचेल की. हे तुमच्या साहेबांच्या कानावर घाल.

माझं नक्षीचं दुकान अजून व्हॅनमध्येच आहे. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की दुपारपर्यंत गाडी मैदानाच्या भिंतीलगत उभी. मागची सीट आडवी करायची, तिच्यावर पाट, पाटावर कागद. या खंड्याने मात्र जीव खाल्ला. हल्ली ग्राफ पेपर धड मिळत नाही रे. मधल्या रेघा पोट सुटल्यासारख्या वाकलेल्या असतात. दुकानदाराला दाखवला, तर उजेडात धरून म्हणाला की बाई, सरळ तर आहेत. मी म्हटलं, तुमचं दुकानच तिरकं असेल. दुसऱ्या दुकानातून आणला तर तोही तसाच. सगळे एकाच ठिकाणाहून आणत असणार.

निळे दोन आहेत, ध्यानात ठेव. पाठीच्या निळ्या दोऱ्याला खूण भरीव त्रिकोणाची, पंखाच्याला पोकळ. गल्लत झाली तर खंड्याचा कावळा होईल.

हे मजेत आहेत. बेकरीत नवी भट्टी आली आहे. तिच्याशी ज्या मायेने बोलतात, तसे माझ्याशी लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


१७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नमुने सुखरूप पोचले. चहा पलीकडच्या टेबलावर ठेवून हे लिहितो आहे.

काम कसं चालतं ते तुला सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. कागद स्कॅन केला की सॉफ्टवेअर त्यावर स्वतःची जाळी टाकतं. ती जाळी कागदाच्या रेघांवर नेमकी बसवायची. मग कुठली खूण म्हणजे कुठला दोरा हे त्याला एकदा शिकवायचं, की ते घर अन् घर वाचून रंग भरत जातं. तुझा जुना बदकांचा कागद घडी पडून चुरगळला होता. तिथे जाळी अक्षरशः ओढून-ताणून बसवावी लागली. पण खुणा? सगळ्या आपापल्या घरात, चूक म्हणून नाही. माझे सोबती तो कागद बघायला माझ्या टेबलाशी जमले होते.

खंड्याचं मात्र उलटं झालं. कागद कोरा करकरीत, जाळी पहिल्या झटक्यात बसली, केसभर इकडेतिकडे नाही. आणि खुणा भलतीकडेच. कितीतरी त्रिकोण रेघेवर बसलेत, अर्धे या घरात, अर्धे शेजारच्या. कुठे एका घरात दोन खुणा, कुठे घर रिकामं. भरीव आणि पोकळ एकमेकांत मिसळलेत. चोच सरळ जायला हवी, ती जिना उतरल्यासारखी खाली येते. तुझ्या हातून असं झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

ताई, त्या कागदाच्या रेघा वाकड्या नाहीत. दुकानदार खरं बोलत होता.

सोबत एक कागद ठेवला आहे. त्यावर नुसत्या चौकटी आहेत आणि मधोमध एक ठिपका. चष्मा लावून आधी एक डोळा झाक, मग दुसरा, आणि ठिपक्याकडे बघ. रेघा कशा दिसतात ते मला कळव. एवढं कर, मग मला हवं तेवढं हस.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो असाच राहो.
तुझा मुंगळा


२३ जानेवारी

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

तू डॉक्टर कधीपासून झालास? नक्षीत दोन-चार त्रिकोण घसरले तर मोठ्या बहिणीचे डोळे तपासायला निघालास. अरे, गाडीत बसून काढते मी. शेजारून ट्रक गेला की अख्खी व्हॅन हलते, मग त्रिकोण हलणार नाही तर काय!

तुझा कागद बघितला. सगळं सरळ आहे. चुकलेल्या खुणा तू तुझ्या मशीनमध्ये दुरुस्त करून घे, त्यासाठीच तर तुला पगार मिळतो. काही अडलं तर जुन्या खंड्याचा कपडा भिंतीवर टांगलेला आहे, त्याचा फोटो पाठवते.

बाकी विशेष काही नाही. वार्षिक परीक्षा जवळ आल्या. पोरं व्हॅनमध्ये पाढे म्हणत असतात, आता मलाही सगळे पाठ झाले.

आणि फोनवर उगाच पिच्छा पुरवू नकोस. गाडी चालवताना मी उचलत नाही, आणि घरी असले की हे शेजारीच असतात.

तुझी ताई


३० जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. चिडशील, चीड. पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या मागच्या पत्रात वरच्या ओळी सरळ आहेत आणि खालच्या एकात एक घुसल्यात. पत्र काही तू ट्रकशेजारी बसून लिहिलेलं नाहीस.

मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तुझा खंड्या आणि तुझी बदकं, दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्या म्हणाल्या की माणूस बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, पण सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची शंका घ्यावी लागते. चष्म्याने ते सुधारत नाही. लवकर इलाज केला तर आहे तेवढी नजर बहुतेक वेळा टिकते, आणि दिवस घालवले तर गेलेली परत येत नाही. त्यांनी विचारलं की बहीण काय काम करते. मी सांगितलं, शाळेची व्हॅन चालवते. त्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ताई, तुझ्या गाडीत पोरं असतात. ही नक्षीची गोष्ट राहिलेली नाही.

मला खरं सांग. तो कागद तू एकेक डोळा झाकून बघितलास का?

तुझा मुंगळा


७ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

नाव बरोबर ठेवलं होतं आईने तुझं. एकदा चिकटलास की तुटशील पण सुटणार नाहीस.

आधी बघितला नव्हता. पाकिटात होता तसाच ठेवून, सगळं सरळ आहे असं सांगून मोकळी झाले होते. तुझं पत्र आल्यावर हे भट्टीवर गेलेले असताना बघितला. डावा डोळा झाकला, तर मधला ठिपकाच नाही. त्याच्या जागी धुराचा डाग, नि डागाभोवती रेघा आत ओढल्यासारख्या. मग उजवा झाकला. तिथे ठिपका आहे, पण त्याच्या बाजूची एक चौकट किंचित फुगलेली. मी तो कागद घडी घालून पिठाच्या डब्यामागे टाकला आणि दुपारची फेरी मारायला गेले. फेरी नीट झाली. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, तुला माहीत आहे. रस्ता हाताला पाठ आहे माझ्या.

आता माझं ऐक. परीक्षा संपेपर्यंत मी कुठेही जाणार नाही. तुला आठवत असेल, ही गाडी मला द्यायला शाळा तयार नव्हती. बाईमाणूस पोरं नेणार म्हटल्यावर पालकांनी सभा बोलावली होती. त्यातलेच लोक आज धाकट्या पोरांसाठी माझ्याच गाडीत जागा मागतात. वर्षाच्या ऐन शेवटी हात वर करून मी घरी बसू? सुट्टी लागली की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. तोवर सावकाश चालवते, उजेडातच चालवते.

ह्यांना यातलं काही कळता कामा नये. शाळेला तर नाहीच. तू कुणाला बोललास तर मला भाऊ नाही असं समजेन. रागाने लिहीत नाही. विचार करून लिहिते आहे.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो आणि उठलो, असं बऱ्याच वेळा झालं.

तुझं पत्र वाचल्याबरोबर तुला फोन लावत राहिलो. एकदा उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. तुझ्या शेजारच्या सीटवरच्या पोरीला खंड्याची चोच टोचेल अशी काळजी वाटते. तिचे आईबाप रोज सकाळी तुझ्याकडे बघून निश्चिंत होत असतील. त्यांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. ते पोटात ठेवून मी परीक्षा संपायची वाट बघू शकत नाही. रस्ता तुझ्या हाताला पाठ असेल, पण रस्त्यात येणारं माणूस कसं पाठ असेल?

म्हणून आज शाळेत फोन केला. कारकून म्हणाले की असं तोंडी चालत नाही, लेखी द्या. दिलं. मुख्याध्यापिकांच्या नावाने कुरिअर केलं आहे, उद्या पोचेल. तुझं काम वाईट आहे असं त्यात एक अक्षर नाही. नजर तपासून होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, एवढंच लिहिलं आहे. ते तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे लगोलग टाकतो आहे.

भाऊ नाही असं समजायचं तर समज. मला बहीण आहे, आणि तिला डोळे असावेत, एवढं मला पुरे.

तुझा मुंगळा


१२ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं येतंय, लावून वाच.

आज मी गाडी थांबवली. सकाळचीच फेरी, गाडी भरलेली. रंगाच्या दुकानाच्या वळणावर मी उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. वळवायला घेतली आणि शेजारची चिमुरडी किंचाळली. ब्रेक दाबला. एक सायकलवाला बॉनेटला हात टेकून उभा होता. म्हातारा माणूस, हँडलला भाजीची पिशवी. मला तो दिसलाच नव्हता. धूसर दिसला असंही नाही, मुंगळ्या. मी बघितलं तिथे तो नव्हता, आणि होता.

त्याला काही लागलं नाही. चार शब्द ऐकवून तो गेला. मागची पोरं हसत होती, त्यांना गंमत वाटली. मी गाडी दुकानाच्या भिंतीला लावली, किल्ली काढली. शाळेत फोन करून सांगितलं की दुसरा ड्रायव्हर पाठवा, मी यापुढे चालवणार नाही. चिमुरडीने विचारलं की व्हॅन आजारी पडली का. मी म्हटलं, व्हॅन चांगली ठणठणीत आहे, माझा डोळा आजारी आहे. तिने थोडा विचार केला आणि मला आपली पाण्याची बाटली दिली.

दुसरा ड्रायव्हर आला, पोरं गेली. मी चालत बेकरीत गेले आणि पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, ॲप्रन काढला, मला घरी घेऊन आले. उद्या डॉक्टरकडे जातोय. दुपारी शाळेत जाऊन कारणही सांगणार आहे, माझ्या तोंडाने.

तू मला किती छळलंस! पण एक गोष्ट मी विसरणार नाही. मी तुला गप्प राहायला सांगितलं आणि तू राहिलास. तू बाहेर बोलला असतास तर आज मी थांबले ते माझं म्हणून राहिलं नसतं. आपणहून थांबले, एवढंच आज माझ्याजवळ आहे. ते तुझ्यामुळे.

खूप खूप आशीर्वाद.
तुझी ताई


१५ फेब्रुवारी

चि. भावास,

डॉक्टरांकडून थेट शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझं पत्र पुढे ठेवलं. त्या म्हणाल्या की तुमच्या भावाने वेळीच कळवलं म्हणून बरं झालं. मी सांगितलं की मी आधीच आपणहून थांबले होते. पण तुझा फोन तिथे माझ्या फोनच्या आदल्या दिवशीच गेलेला. त्यांनी मान हलवली. समजूत घालताना माणूस हलवतो तशी.

तुझं मला लिहिलेलं पत्र घरी आल्यावर हातात पडलं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. म्हणता येत असतं तर सोपं गेलं असतं. काही दिवस लिहू नकोस.

ताई


३ मार्च

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. कागदाला पीठ लागलं असेल तर झटकून घ्या.

तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं. कडेने दिसतं. ते परत येईल असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. डाव्याला दुखणं नुकतंच लागलं होतं. त्यात सुई देऊन औषध घालतात, पहिली झाली. आणखी घ्याव्या लागतील. डावा टिकेल अशी आशा त्यांनी दिली आहे. आणखी महिना-दोन महिने तसेच गेले असते तर तीही दिली नसती, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

घरी ती फारसं बोलत नाही. लायसन्स स्वतः जाऊन परत दिलं. शाळेत काही लोक म्हणतात की भावाने तक्रार केली म्हणून उतरवली. तिला तेच लागतं. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. पीठ फुगत असताना त्याला सारखं बोट लावू नये.

तिने लपवलं ते माझ्यापासूनही लपवलं. शेजारी झोपणाऱ्या माणसाला कळू नये, याचा विचार माझ्याही डोक्यातून जात नाही. तुम्ही कागदावरून ओळखलंत. तुमचा मी ऋणी आहे, पण हे तिच्यासमोर म्हणू शकत नाही.

तुम्ही लिहा. ती वाचत नाही म्हणते, पण टपालवाला आला की दारात जाते.

आपला,
भावोजी


८ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. स्वभावाला औषध नाही.

माफी मागायला बसलो होतो, पण ती खोटी झाली असती. तुझं सात तारखेचं पत्र उद्या पुन्हा आलं, तर मी पुन्हा तेच करीन. तो सायकलवाला मी रोज बघतो, मला तो पुरता दिसतो.

पण तुझं बारा तारखेचं पत्र मी वाचलं तेव्हा कारखान्यात होतो. बाहेर जिन्यात जाऊन बसलो. तू मला शाबासकी दिली होतीस, आणि ती ज्यासाठी दिलीस ते मी केलं नव्हतं. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. तू थांबलीस ती माझ्या पत्राने नाही, हे मला माहीत आहे. शाळेलाही माहीत व्हावं. तू म्हणशील तर मी येऊन मुख्याध्यापिकांना समक्ष सांगतो.

खंड्याचं काम मी साहेबांना सांगून बाजूला ठेवलं आहे. तुला न विचारता त्यातलं एकही घर मी भरणार नाही.

तू रागावलेलीच राहा, पण सुया चुकवू नकोस.
तुझा मुंगळा


२४ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

जाड पेनाने मोठं मोठं लिहिते आहे. चार ओळींत पान भरतं, टपालखात्याची चंगळ आहे.

शाळेत येऊन कुणाला काही सांगू नकोस. तुझी पत्रं नि तुझं सांगणं आता शाळेला पुरे झालं. मुख्याध्यापिका परवा स्वतः घरी आल्या होत्या. रंगाच्या दुकानदाराचा नातू त्यांच्या शाळेत आहे. त्याच्या आजोबांनी त्यांना सांगितलं की सायकलवाला वाचला त्या सकाळी ती बाई कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच गाडी लावून उभी राहिली. त्यांनी माझी क्षमा मागितली. मी चहा केला. त्यांनी विचारलं की पोरांना चढवा-उतरवायला गाडीत बसाल का. मी नाही म्हटलं. माझ्या सीटवर दुसरा बसलेला बघत मागे बसणं माझ्याच्याने अजून व्हायचं नाही. पुढे बघू.

तू बरोबर होतास, हे मी कुणालाही सांगेन, तुला सोडून. आणि तू मला दुखवलंस हेही खरं आहे. दोन्ही एकाच ताटात वाढलंय, निवडून खाता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

खंड्या पुरा कर. रिकामी घरं तुला जशी योग्य वाटतील तशी भर, पण पोटाचा नारिंगी भडक करू नकोस. आता नमुने स्क्रीनवर मोठे करून काढता येतात असं तू मागे म्हणाला होतास. ते कसं ते दाखव. कागद घेऊन बसले तर रडू येतं, तुझ्या मशीनवर कदाचित येणार नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पुढच्या बुधवारी परत सुई आहे. सुई दिसत नाही, डॉक्टरीणबाई बाजूला बघायला लावतात. पण औषध आत शिरलं की डोळ्यात काळे गोळे तरंगतात, आणि ते जाईपर्यंत मला वाटतं की हाही गेला. हे बाहेर बाकावर बसलेले असतात. मी बाहेर येते ती हसत येते, घरी जाऊन काय करायचं ते बोलत येते. त्यांना वाटतं बायको वाघीण आहे. त्यांचा तो समज मोडवत नाही.

मला फार भीती वाटते, मुंगळ्या. बुधवारी ये. काही बोलू नकोस, नुसता शेजारी बस.

लोभ होता तिथेच आहे, कुठे जातोय.
तुझी ताई